भरदुपारचा भटजी

आमच्या सोसायटीत पॅशन फ्रूटची वेल घरोघरी आहे, फळ मात्र एकाही घरी नाही. फुलं ढीगभर. कृष्णकमळाचीच ही बहीण: झालरीत शंभर कौरव, वर पुंकेसरांचे पाच पांडव आणि माथ्यावर ब्रह्मा-विष्णू-महेश, म्हणजे तीन कुक्षी.

सल्ल्यांना तोटा नव्हता. तळमजल्यावरच्या काकूंनी आंबट ताक घालायला लावलं, सेक्रेटरींनी पाणी तोडायला सांगितलं, आईनं वेलीची दृष्ट काढली. शेवटी ‘भुंगे कमी पडतात’ असं ठरलं आणि भुंग्याचं काम माझ्या गळ्यात आलं. या पिवळ्या जातीचं फूल उमलतं दुपारी बाराच्या सुमारास. त्यामुळे ऑफिसची मीटिंग ऐन रंगात असताना कॅमेरा बंद करून, लेकीचा रंगाचा ब्रश घेऊन मी गॅलरीत. कुक्षी हळूहळू खाली वाकत पांडवांच्या पातळीला येतात, तोवर ताटकळायचं आणि मग पराग टेकवायचे. दुसऱ्या दिवशी फूल देठासकट खाली.

समोरच्या विंगमधून पराग आणले, तेही फुकट. कारण सगळ्यांच्या वेली काकूंच्याच वेलीच्या फांद्या! घरं अनेक, वेल एकच. आणि या जातीला सगोत्र लग्न अजिबात चालत नाही. ईस्ट आणि मँगल्सडॉर्फ या अमेरिकनांनी १९२५ साली शोभेच्या तंबाखूत या गोत्राचा छडा लावला: ‘एस’ नावाचं जनुक, त्याची अनेक रूपं. तंबाखूत निदान प्रत्येक परागकणाला त्याचं स्वतःचं गोत्र विचारतात; आईवडिलांचं एकच रूप सारखं असेल तर निम्मे कण सुटतात. पॅशन फ्रूटमध्ये मुलाला कोण विचारतो? बापाचं, म्हणजे पराग देणाऱ्या वेलीचं, गोत्र बघायचं आणि कुक्षीच्या उंबऱ्यावरूनच परत पाठवायचं. मोहरीच्या कुळातल्या कोबीतही तोच खाक्या. (आमच्या घराण्यात याहून वेगळं काही चालतं, असा माझा दावा नाही.)

मग मेहुण्यानं सावंतवाडीहून बीपासून वाढवलेलं रोप आणलं. ते फुलायला लागल्यावर मी इकडचे पराग तिकडे, तिकडचे इकडे केले. दोन्ही वेलींना फळं धरली.

बातमी पसरली. ‘सावंतवाडीच्या वेलीत गुण आहे’ असा निकाल काकूंनी दिला आणि आता सगळ्यांना तिचीच फांदी हवी आहे. जुन्या निकामी वेली उपटायला माळी बुधवारी येतोय.