आवाज बंद केला की थरार संपतो?

सिनेमावर प्रेम करणाऱ्यांमध्ये एक दावा सतत फिरत असतो. कुठल्याही गाजलेल्या थरारपटातला प्रसंग लावा, आवाज बंद करा, भीती तिथल्या तिथे विरून जाते. म्हणून उत्कंठा ही सगळी पार्श्वसंगीताची करामत, आणि उरलंसुरलं काम भराभर केलेल्या कटचं, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर मारलेल्या उडीचं. शिवाय पुढे काय घडणार हे ठाऊक नसतं म्हणूनच आपण खिळून बसतो. एकदा कळलं की जादू संपली. पुरावा म्हणून दर वेळी दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘सायको’तला (१९६०) शॉवरखालचा खून पुढे केला जातो.

हा दावा मला मनापासून खटकतो. दिग्दर्शक, संकलक आणि कॅमेरामन यांच्या कामाचा सगळ्यात बारीक भाग त्यात पुसला जातो. संगीतकारावरही अन्याय होतो, कारण कुठे गप्प राहायचं हे ठरवणं हाही त्याच्या कामाचाच भाग असतो.

आधी तो आवाज बंद करण्याचा प्रयोगच पाहू. म्यूटचं बटण दाबल्यावर फक्त संगीत जात नाही. पावलं, श्वास, दाराची कडी, गाडीचं इंजिन, माणसांचं बोलणं, सगळंच जातं. प्रसंगाचा अर्धा भाग काढून घ्यायचा आणि तो लंगडतो म्हणून दोष दुसऱ्यालाच द्यायचा, असा हा प्रकार आहे. प्रयोग नीट करायचा तर संगीत काढून बाकीचे आवाज ठेवायला हवेत. हिचकॉकने तो स्वतःच करून ठेवला आहे. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये (१९५९) केरी ग्रँट बसमधून उतरतो आणि सपाट, उघड्या माळरानातल्या रस्त्यावर एकटा उभा राहतो. तिथून पुढे, फवारणीचं विमान त्याचा पाठलाग करून शेवटी टँकरवर आदळेपर्यंत, कित्येक मिनिटं पार्श्वसंगीत नाही. चित्रपटाचा संगीतकार बर्नार्ड हरमनच आहे, ‘सायको’चे ते कर्कश व्हायोलिन लिहिणारा तोच.

मग तिथला ताण येतो कुठून? आधी जागेतून. पहिलाच शॉट उंचावरून आणि लांबून घेतलेला आहे, त्यामुळे लपायला आडोसा नाही हे आपल्या मनात पक्कं बसतं. मग वेळेतून. एक गाडी येते, जाते. दुसरी येते, जाते. ग्रँट बघतो, तो काय बघतोय ते दिसतं, पुन्हा तो. प्रत्येक गाडीबरोबर ‘हीच का?’ असं वाटतं आणि दर वेळी काहीच घडत नाही. समोरच्या बाजूला एक माणूस उतरतो, त्याचीही बस येते. जाता जाता तो सहज बोलून जातो की पीक नसलेल्या शेतावर ते विमान फवारणी करतंय. विमानाची घरघर तोवर मागे चालूच असते, आपण तिच्याकडे लक्ष दिलेलं नसतं. त्या एका वाक्याने तोच आवाज धोका बनतो. अंधारी गल्ली, ओला रस्ता, दिव्याखाली उभा माणूस हे सगळं टाळायचं म्हणून हिचकॉकने मुद्दाम भर दुपारचं ऊन निवडलं होतं. हा प्रसंग म्यूट करून बघितलात तर तुम्ही संगीत घालवलेलं नसतं, कारण ते नव्हतंच. तुम्ही ती घरघर आणि ते वाक्य घालवलेलं असतं.

आता ‘सायको’. इथे दाव्यात एक खरी गोष्ट आहे आणि ती मान्य करायलाच हवी. हिचकॉकला तो खून संगीताशिवाय हवा होता. हरमनने तरीही तो तुकडा लिहिला, हिचकॉकने ऐकला आणि आपलं मत बदललं. त्या तंतुवाद्यांशिवाय तो खून आज कुणाला आठवणार नाही. पण व्हायोलिन नेमके कधी सुरू होतात ते ऐका. पडदा ओढला जातो त्या क्षणी. म्हणजे ते धक्क्याचं संगीत आहे. उत्कंठा त्याच्या आधीच्या क्षणांत आहे आणि तिथे फक्त पाण्याचा आवाज आहे. नायिका मॅरियन चौकटीच्या एका बाजूला, पडद्याकडे पाठ करून. दुसऱ्या बाजूला अर्धपारदर्शक पडदा आणि बरीच रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेत दार उघडतं, एक आकृती येते, जवळ येते. आपल्याला दिसतंय, तिला दिसत नाही. पाण्याच्या आवाजामुळे तिला ऐकूही येणार नाही, हेही आपण जाणतो. हरमन इथे थांबला म्हणून पुढचा घाव इतका खोल लागतो.

दुसरा आधार कटचा. या प्रसंगासाठी ७८ कॅमेरा-मांडण्या आणि ५२ कट हे आकडे नेहमी सांगितले जातात, आणि त्यातून निष्कर्ष निघतो की वेग म्हणजेच थरार. ‘रोप’मध्ये (१९४८) याच्या अगदी उलट आहे. प्रेत ठेवलेल्या पेटीवर जेवण मांडलेलं असतं आणि घरकाम करणारी बाई एकेक वस्तू उचलून आत नेते. कॅमेरा जागचा हलत नाही. पाहुण्यांचं बोलणं चौकटीच्या बाहेरून ऐकू येतं. पेटी रिकामी होत जाते, आता ती झाकण उघडणार, आणि कट येतच नाही. कट आला असता तर आपली सुटका झाली असती.

‘सायको’तलाच आणखी एक किस्सा या मुद्द्यावर फार बोलका आहे. हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत तो सांगितला आहे. गुप्तहेर आर्बोगास्ट जिना चढतो त्या प्रसंगाच्या वेळी हिचकॉक तापाने आजारी होता. त्याने सहकाऱ्यांना ग्राफिक डिझायनर सॉल बासच्या रेखाटनांनुसार चित्रीकरण करायला सांगितलं. कठड्यावरचा हात, पायऱ्यांवरची पावलं, असे तुकडे जमले. हिचकॉकने पाहिले आणि काढून टाकले. हात आणि पावलं सुटी दाखवली की चढणारा माणूसच खुनी वाटतो, आणि इथे तर तो बिचारा बळी आहे. त्याने त्याऐवजी आर्बोगास्टला साधेपणाने वर येताना दाखवलं. नट तोच, जिना तोच. कट वाढले की ताण वाढतो असं असतं, तर ते तुकडे फेकायची गरजच नव्हती.

संथ संकलन आणि अनुपस्थित संगीत एकत्र कसं काम करतं हे मला ‘द बर्ड्स’मधल्या (१९६३) शाळेबाहेरच्या प्रसंगात सर्वात स्पष्ट दिसतं. माणसांवर तुटून पडणाऱ्या पक्ष्यांच्या या चित्रपटाला रूढ अर्थाने पार्श्वसंगीत नाही. पक्ष्यांचे कितीतरी आवाज ऑस्कर सालाने ट्राउटोनियम या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर बनवले, आणि हरमन ध्वनी-सल्लागार होता. टिपी हेड्रनची मेलनी बाकावर बसून सिगारेट पेटवते. मागे मुलांच्या खेळण्याचा लोखंडी सांगाडा. त्यावर एक कावळा येऊन बसतो. मेलनी. मग आणखी काही कावळे. मेलनी. दर वेळी थोडे वाढलेले. शाळेतून मुलांच्या गाण्याचा आवाज येतोय, निरागस, कडव्यामागून कडवं. ते गाणं भीतीचं अजिबात नाही, पण ते घड्याळाचं काम करतं. गाणं संपलं की मुलं बाहेर येणार.

इतकी लय लावून दिल्यावर हिचकॉक ती मोडतो. मेलनीवर गेलेला कॅमेरा परततच नाही. ती झुरके घेते, अस्वस्थ होते, आणि आपण मनातल्या मनात मागचे कावळे मोजत राहतो. न दाखवलेला प्रत्येक क्षण त्या सांगाड्यावर पक्षी वाढवतो. शेवटी तिला आकाशात एकटा कावळा दिसतो, तिची नजर त्याच्या मागे जाते आणि तो जिथे उतरतो तिथे सांगाडा काळा झालेला असतो. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’, ‘सायको’ आणि ‘द बर्ड्स’ या तिन्हींचा संकलक एकच, जॉर्ज टोमासिनी. शॉवरखाली भराभर कापणारा हाच माणूस इथे कात्री आवरून बसला आहे. दोन्हीकडे प्रश्न एकच: प्रेक्षकाला काय दाखवायचं आणि किती वेळ अडवून ठेवायचं.

राहिला ‘पुढचं ठाऊक नसतं म्हणून’ हा मुद्दा. त्याचं उत्तर हिचकॉकने त्रुफोला टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणातून दिलंच आहे. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं आणि माणसं टेबलाभोवती गप्पा मारत राहिली, तर पंधरा मिनिटांची उत्कंठा मिळते. ‘नटोरियस’मध्ये (१९४६) कॅमेरा मेजवानीच्या दालनात उंचावरून खाली उतरत जातो आणि नवऱ्यावर हेरगिरी करणाऱ्या इन्ग्रिड बर्गमनच्या मुठीतल्या तळघराच्या किल्लीवर थांबतो. त्यानंतर आपल्यापासून काहीच लपवलेलं नाही. ती आणि केरी ग्रँट तळघरात जाणार, वर शॅम्पेनच्या बाटल्या संपत आल्या की नवरा खाली येणार. बर्फातल्या कमी होत जाणाऱ्या बाटल्या आपण पाहतो. मेजवानीतलं वाजणं मात्र आनंदाचंच चालू असतं. हा प्रसंग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाहतानाही पोटात गोळा येतो, कारण त्याचा पाया अज्ञान नाहीच. आपल्याला कळलेलं त्या दोघांपर्यंत पोहोचवता येत नाही, ही घुसमट शेवट माहीत असला तरी तशीच राहते.

दाव्याच्या बाजूने सर्वात भक्कम उदाहरण खरं तर ‘जॉज’ (१९७५). संगीतकार जॉन विल्यम्सचे ते दोन स्वर नसते तर पाणी नुसतं पाणीच वाटलं असतं, हे मी बिनशर्त मान्य करतो. यांत्रिक शार्क सारखा बिघडत असल्याने स्टीव्हन स्पीलबर्गला तो फारसा दाखवताच येत नव्हता. न दिसणाऱ्या शार्कची जागा त्या स्वरांनी घेतली. पण ते काम करतात बातमी म्हणून: आता तो जवळ आला. दोन मुलं शार्कच्या पाठीवरच्या पराचं पुठ्ठ्याचं सोंग घेऊन किनाऱ्यावर घबराट उडवतात, तेव्हा शार्कचे ते स्वर वाजत नाहीत. नीट ऐकणाऱ्याला धोका खोटा असल्याचा इशारा तिथेच मिळालेला असतो. आणि ती खूण अंगवळणी पडल्यावर, शार्कच्या मागावर निघालेला पोलीसप्रमुख ब्रॉडी बोटीच्या मागे उभा राहून पाण्यात आमिष टाकत असताना शार्क त्या स्वरांची पूर्वसूचना न देता डोकं वर काढतो. प्रेक्षक दचकतात, कारण ज्या संगीतावर त्यांनी विसंबायचं ठरवलं होतं ते स्पीलबर्गने त्या क्षणी वाजवलं नाही.