रस्त्यावरच्या पोरांचा तो फॉरवर्ड

आमच्या नैरोबीतल्या मराठी ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. आफ्रिकेतल्या शहरांत रस्त्यावर दिसणारी पोरं म्हणे सगळी अनाथ, वर आळशी आणि नशेडी, सरकारने गाडीत घालून आश्रमात नेऊन टाकली की महिन्यात प्रश्न खलास. ज्या काकांनी टाकलाय त्यांच्याबद्दल आदर आहे, पण हे पटण्यासारखं नाही.

अनाथ? काही आहेत, एड्सने इथे घरंच्या घरं रिकामी केली हे खरंय. पण कितीतरी जणांची आई जिवंत आहे, काही पोरं तर संध्याकाळी कमाई घेऊन घरीच जातात. काँगोची राजधानी किन्शासात तर अजबच, घरात कोणी आजारी पडलं की खापर पोरावर, चेटूक करतो म्हणून हाकलून देतात, तिथल्या 2006 च्या राज्यघटनेत कलम 41 ने असा आरोप करायलाच बंदी घातलीय तरी.

आळशी म्हणणाऱ्यांनी सकाळी नैरोबीच्या गिकोम्बा मार्केटला चक्कर मारावी. इथे त्यांना चोकोरा म्हणतात, म्हणजे उकरणारे, शिवीच आहे ती. कचरा उकरून प्लास्टिक नि भंगार गोळा करायचं आणि किलोवर विकायचं, गोणी पोरापेक्षा उंच.

नशेचं मात्र खरंय, नाकारत नाही. प्लास्टिकच्या बाटलीत हुंगायला बोटभर चांभाराचा गम, बाटली दातात धरलेली म्हणजे हात मोकळे. मी एकाला विचारलं कशाला रे हे, तर म्हणाला ‘बरीदी’, थंडी. विषुववृत्ताजवळ आहे म्हणून आपल्याला वाटतं इथे उकाडा असेल, पण शहर 1,700 मीटरच्या आसपास उंचीवर, जुलैत रात्री मला दोन ब्लँकेट लागतात आणि हा पुठ्ठ्यावर झोपतो. गमने भूकही मरते, आणि जेवणापेक्षा स्वस्त पडतो.

खाली कोणीतरी लिहिलंय, शाळा फुकट आहे ना मग? हो, 2003 पासून प्राथमिकची फी नाही, पण युनिफॉर्म, वह्या, बूट कोण देणार.

राहिली गाडी. 2003 मध्येच राष्ट्राध्यक्ष किबाकींच्या सरकारने पोरं उचलली होती, पुनर्वसनाचा फंडही काढला. 2018 च्या गणतीत केनियाभर रस्त्यावर राहणारे 46,639 निघाले, त्यात मोठी माणसंही धरलीत, एकट्या नैरोबीत 15,337. आणि 2019 मध्ये नाकुरू शहरातली पोरं रात्री उचलून शेजारच्या बारिंगो काउंटीत सोडून दिली. गाडी आली होती बरं का काका, आश्रम तेवढा नव्हता.