तुमचा लॅपटॉप आमच्याकडे आलाय

काल ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी तिमाहीचे आकडे सांगत होतो. बायकोने दार उघडलं आणि खालच्या मजल्यावरचे काका तरातरा आत येऊन थेट माझ्या पाठीमागे, कॅमेऱ्याच्या बरोबर मध्यात उभे राहिले. हातात वही.

"तुमचा लॅपटॉप आमच्याकडे आलाय."

नोएडापासून बंगळुरूपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. ज्यांना मराठी कळत नव्हतं, त्यांनाही स्वर कळला.

"काका, हा काय इथेच आहे."

"इथे दिसतोय. आहे आमच्याकडे." वही उघडली गेली. "बुधवारी रात्री साडेअकरा ते पावणेदोन. गुरुवारी सकाळी दहाला जो आला, तो अजून गेलेला नाही."

"मी नाही पाठवला हो."

"तुम्ही पाठवलात असं मी म्हणतच नाही. तो येतो."

गणपतीच्या आधी आमच्या गल्लीत (कोथरूडची गल्ली, म्हणजे खोदलेलीच) आमच्या इंटरनेटची केबल तुटली, तेव्हा काकांनी स्वतःहून मोठ्या मनाने त्यांच्या वाय-फायचा पासवर्ड दिला होता. गरज एका संध्याकाळची. पण लॅपटॉपने ती ओळख जन्माची धरली. आता गुरुवारी लाइट गेले की आमचा राउटर मान टाकतो, काकांचा इन्व्हर्टरवर जागा राहतो. लॅपटॉप बॅटरीवर चालूच असतो, तो ओळखीचं दुसरं दार शोधतो. लाइट येतात, आमचा राउटर उठतो, पण हा पठ्ठ्या पीएमटीत खिडकीची जागा मिळाल्यासारखा तिथून हलत नाही. चालू कनेक्शन तुटल्याशिवाय त्याला घर आठवत नाही.

राउटर कुणाला ओढून नेत नाही. तो सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव पुकारतो, बस. जायचं की नाही, हे लॅपटॉप ठरवतो. हे मी काकांना समजावून सांगितलं.

"म्हणजे दोष तुमच्याकडचा," म्हणत त्यांनी ते वहीत टिपलं.

"काका, ते आपोआप होतं."

"मी एकतीस वर्षं बँकेत काढली. आपोआप फक्त व्याज चढतं."

खरा राग मला काकांचा नाहीच. (थोडा आहे.) पासवर्ड टाकताना शेजारी 'आपोआप जोडा' अशी एक टिक असते आणि ती आधीच केलेली असते. आपल्याला विचारतो कोण? काढायची तर सेटिंग्ज, मग नेटवर्क, मग वाय-फाय, मग ओळखीच्या नेटवर्कांची यादी, मग ते नाव, मग ती टिक. मॅकवाल्या मित्राने हिणवायला तोंड उघडलं होतं, पण त्याच्याकडे पूर्वी हीच यादी माउसने खालीवर करून पसंतीचा क्रम लावता यायचा, ती सोय मॅकच्या २०२२ च्या व्हेंचुरा आवृत्तीत गेली. कुणाला खुपत होती? माझ्या यादीत एरंडवण्यातलं एक मंगल कार्यालय निघालं, जिथल्या जोडप्याचा आता घटस्फोटही झालाय. सोडलेलं ऑफिस निघालं. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळचं हॉस्पिटल निघालं. मला विसरायच्या सगळ्या जागा यंत्राने नीट जपून ठेवल्यात, आणि घरचा राउटर तेवढा नकोसा झालाय.

भर मीटिंगमध्ये, काकांच्या देखरेखीखाली, मी ती टिक काढली.

"ही तुमच्या बाजूची व्यवस्था झाली. आमच्या बाजूची?"

"पासवर्ड बदला."

"तो पाठ आहे. पाटी लावू."

पाटी म्हणजे नेटवर्कचं नाव. सोसायटीतल्या प्रत्येकाच्या फोनवर दिसेल अशी. मीटिंग संपवून मी खाली गेलो. काकांचा मजकूर तयार होता: 'कृपया मालकांस विचारल्याशिवाय जोडू नये, अपमान होईल.' राउटरने घेतला नाही. वाय-फायच्या नावाला जागा ३२ बाइटची. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, मराठीला तीन. काना-मात्रा-वेलांटीचे वेगळे तीन-तीन.

"इंग्रजीला एक आणि आपल्याला तीन? कुणी ठरवलं हे?"

मी सांगून बसलो की अक्षरं बाइटमध्ये बसवायची ही यूटीएफ-८ पद्धत १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाईक या दोघा संगणकवाल्यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावरच्या कागदावर मांडली.

"खानावळीत," काका म्हणाले. "तरीच. पत्ता द्या."

मजकूर कापत कापत 'विचारून जोडा' इथवर आलो. चौतीस बाइट. दोन जास्त. काका बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. दूधवाल्याला, वॉचमनला, जिन्यातल्या मांजरालासुद्धा अहो-जाहो करणारा हा माणूस. शेवटी त्यांनी स्वतः बोट पुढे केलं आणि 'जोडा'चा काना काढला. एकतीस. बसलं.

"आदर बसत नाही त्यात," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी फोन. "आमचा टीव्ही बंद. प्रिंटर बंद. सुनेचा टॅब बंद. तुम्ही काय केलंत?" नाव बदललं की घरातली सगळी यंत्रं ते नेटवर्क परकं समजतात, हे मी दुपारी सांगितलं होतं. ते वहीत नव्हतं. मग मी त्यांच्या सोफ्यावर बसून रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर वेचत तो पाठ असलेला पासवर्ड भरत होतो, आणि काका मागे उभे राहून "कॅपिटल, कॅपिटल" म्हणत होते. चहा विचारला नाही. काकू विचारणार होत्या, तर म्हणाले, "त्यांची मीटिंग असेल."

वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी ती एकेरी पाटी फोनवर वाचली आणि ती आपल्यालाच आहे असं धरून चालल्या. रात्री जेवताना माझ्या फोनवर एक नवीन नाव उमटलं: 'नाही जोडत जा'.

मी मोजले. बरोबर बत्तीस.