बावीस पावलं

नवा सोफा साडेसात फुटी निघाला आणि भिंत उरली होती पाच फुटांची. बाकीच्या भिंतीला चार वर्षं माझा फिश टँक होता. अशा वेळी आमच्या घरात कोणी हलायचं असतं, हे सांगत बसत नाही. टँक आतल्या खोलीत जाणार, असं ठरलं. मी मोजली, बावीस पावलं.

"एवढंच ना? तिघं हात लावू, उचलू," समोरच्या फ्लॅटमधले काका म्हणाले. काकांनी आयुष्यात फ्रिज, गोदरेजचं कपाट आणि एकदा मांडवात रुसून बसलेला मेव्हणा हलवलेला आहे, त्यामुळे त्यांना कशाचंच काही वाटत नाही. मी हिशेब सांगितला. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरला तर १९० लिटर. पाण्याचेच १९० किलो, त्यावर काच, माती, दगड, लाकूड. आणि भरलेला टँक उचलला की पाणी हिंदकळतं, तळाची काच लवते, कोपऱ्यांतल्या सिलिकॉनवर ताण येतो. त्या वेळी टँक काही बोलत नाही. तिसऱ्या दिवशी रात्री अडीचला बोलतो.

लोकांना वाटतं, मासे हलवायचे असतात. मासे काय, जाळीत आले की हलले. जपून न्यायची असते ती घाण. माशांची विष्ठा आणि न खाल्लेलं खाणं कुजून अमोनिया होतो, माशांना विषच. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि ते झाडं खातात. हे जीवाणू पाण्यात फारसे नसतातच; ते फिल्टरच्या स्पंजाला, खडीला, लाकडाला धरून बसतात. त्यांचं बिऱ्हाड बसायला महिना-दीड महिना लागतो. मोडायला नळाचं क्लोरिनवालं पाणी आणि पाच मिनिटं.

तर रविवार. आधी हीटर बंद करून अर्धा तास थांबलो, कारण तापलेला हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की तडकतो. मग सायफन. नळी तोंडाने ओढायची असते आणि वेळेत तोंड बाजूला घ्यायचं असतं. मला वेळ कधीच साधत नाही. चार वर्षांच्या टँकची चव साधारण शेवाळ घातलेल्या काढ्यासारखी लागते.

निम्म्याहून जास्त पाणी साठवायचं होतं आणि घरात बादल्या पाच. पिंप, टब, मोठं पातेलं, सगळं भरलं. तेवढ्यात आईने माळ्यावरून तांब्याचा हंडा काढवला.

"आई, तांब्यात नको."

"का? आपण रोज तांब्याचं पाणी पितो."

"कोळंबीला तांबं विषासारखं असतं."

"कोळंबी आहे होय त्यात?" चार वर्षांत पहिल्यांदाच आईने माझ्या टँककडे आदराने पाहिलं.

"नखाएवढी असते गं ती. शोभेची."

"मग वाढव की."

झाडं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली. ॲन्युबियस आणि जावा फर्न लाकडाला बांधलेले, ते लाकडासकट उठले. क्रिप्टना मात्र हात लावला नाही. त्या झाडाला मूळ हललं की राग येतो आणि आठवड्यात सगळी पानं विरघळून जातात.

मासे पकडायचे ते पाणी चार बोटं उरल्यावर. आधी जाळी फिरवली तर माशांना व्यायाम होतो आणि आपल्याला पाठदुखी. चार डेनिसन बार्ब आहेत माझ्याकडे, अंगावर लाल पट्टा, पश्चिम घाटातल्या नद्यांचे. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्यांच्या प्रजातीगटाला नावच दिलं 'सह्याद्रिया'. नाव सह्याद्रीचं, त्यामुळे कडा दिसला की उडी. एकाने बादलीतून थेट पायपुसण्यावर घेतली. ओल्या हाताने उचलून परत टाकला, बादलीत एअर पंपाची नळी सोडली आणि वर पोळपाट ठेवला. त्या दिवशी जेवण बाहेरून आलं.

फिल्टरमध्ये दोन स्पंज. दोन्ही टँकच्याच पाण्यात बुडवून मोरीत ठेवले होते. मी जाळी घेऊन वाकलेलो असताना आतून मावशींचा आवाज आला, "दादा, काय घाण होती हो! एक चकाचक झाला, आता दुसरा घेते."

मोरीपर्यंत मी कसा पोचलो ते आठवत नाही. नळ धो धो चालू, आणि मावशींच्या हातात पिवळाधमक, दुकानातून आणला त्या दिवशी होता तसा स्पंज. मी दुसरा ओढून घेतला, छातीशी धरला. शर्ट गेला. "एवढं काय त्यात सोनं आहे?" मावशींनी विचारलं. काय सांगणार? "हो" म्हणालो.

जाणते सांगतात, माती काढून टँक रिकामा न्यावा. मी नाही काढली. चार वर्षांची बसलेली माती ढवळली की तळातलं सगळं वर येतं. ती नुसती ओली ठेवली, खाली प्लायची फळी सरकवली आणि मी, मुलगा, काका असे तिघं निघालो. काका "हळू, हळू" म्हणत पुढे रेटत होते. पॅसेजच्या वळणावर पाच मिनिटं आम्ही तसेच उभे, कारण काकांचा फोन वाजत होता आणि तो त्यांना घ्यायचाच होता.

नव्या जागी स्टँडवर पाणसळ धरली, बुडबुडा मधे आणला, थर्माकोल अंथरला, टँक ठेवला. मातीवर बशी ठेवून तिच्यावर मगाने पाणी सोडलं, म्हणजे खड्डा पडत नाही. कमी पडलं तेवढं नळाचं, हायपोचे खडे टाकून क्लोरिन घालवलेलं. एक स्पंज धुतला गेल्यामुळे तिसऱ्या दिवशी अमोनिया चढलाच. आठवडाभर रोज पाणी बदललं आणि खाणं चिमटीवर आणलं. आई म्हणाली, आजारी माणसालासुद्धा एवढं कमी देत नाहीत.

पण रविवारी रात्रीचं राहिलं. मोजणी केली तर कुली लोच पाचाचे चार. हा मासा म्हणजे काळे-पिवळे पट्टे असलेली जाडसर बुटाची नाडी. बादल्या पाहिल्या, पिंप पाहिलं, गुंडाळलेले पेपर उलगडले, सोफ्याखाली बॅटरी मारली. मुलगा मोरीच्या जाळीत डोकावून आला. मावशींनी स्पंजाबरोबर धुतला की काय, या शंकेने मी त्यांना फोनसुद्धा केला.

साडेदहाला दिवा घालवला आणि क्रिप्टच्या मुळाशी माती हलली. मिश्या आल्या, मग पट्टे. पठ्ठ्या मातीतून निघालाच नव्हता. बाकी सगळे जाळीत, बादलीत, पोळपाटाखाली. हा एकटा तिघांच्या खांद्यांवरून पालखीत बसून आला होता, वळणावरच्या काकांच्या फोनसकट.