पहिलंच पाऊल नव्या लेखाचं नको
'खातं उघडा आणि आवडत्या विषयावर नवा लेख लिहा' हा नेहमीचा सल्ला विकिपीडियावर नवख्याला महागात पडतो. पहिला लेख उडतो तो बहुधा भाषेमुळे नव्हे, तर स्वतंत्र संदर्भ नसल्यामुळे. संस्थेची स्वतःची वेबसाइट, प्रसिद्धीपत्रक, मुलाखत यांवरून उल्लेखनीयता (विषय स्वतंत्र लेखाच्या योग्यतेचा आहे की नाही) ठरत नाही. विषयाशी हितसंबंध नसलेल्यांनी त्यावर सविस्तर लिहिलेलं लागतं.

त्यापेक्षा जुन्या लेखातलं संदर्भ नसलेलं एखादं वाक्य घ्या आणि त्याला संदर्भ जोडा. संदर्भात लेखक, शीर्षक, प्रकाशक, तारीख आणि पुस्तक असेल तर पृष्ठ क्रमांकही द्या. नुसता दुवा चिकटवला आणि उद्या ते पान बंद पडलं, की पडताळणार कशावरून? मजकूर मात्र उचलू नका. स्रोताचं नाव दिलं तरी प्रताधिकारभंग टळत नाही, आणि चार शब्द इकडचे तिकडे केल्यानेही नाही.

जतन करण्याआधी झलक पाहा, संपादन सारांश भरा (काय बदललं आणि का, ते थोडक्यात). बदल कुणी उलटवला तर लेखाच्या इतिहासात कारण वाचून चर्चापानावर विचारा. उलटवाउलटवी नको: इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं, तर मुद्दा बरोबर असूनही खातं रोखलं जाऊ शकतं.