पोकरच्या ‘पगारा’बद्दल खुलासा

लातूर-नांदेडच्या स्पर्धा परीक्षेच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ऑनलाइन पोकर हा कौशल्याचा खेळ, म्हणून कायदेशीर; नोकरीऐवजी घरबसल्या महिना ५० हजार.

कायद्याचा दावा चुकीचा आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेला ऑनलाइन गेमिंग कायदा पैशांच्या खेळात कौशल्य आणि नशीब असा भेद करत नाही. खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पण ॲपची लिंक पुढे पाठवणं जाहिरातीत मोडू शकतं, हे पोरांनी नीट लक्षात घ्यावं.

आता ५० हजारांचा हिशेब. ५/१० रुपयांच्या टेबलावर (डाव सुरू होताना दोघांनी लावायच्या सक्तीच्या पैजा ५ आणि १० रुपये) मुरलेला खेळाडू, ॲपचं कमिशन जाऊन, शंभर डावांमागे सुमारे ५० रुपये काढतो. म्हणजे महिन्याला एक लाख डाव. चार टेबलं एकदम, तासाला ३०० डाव धरले तरी ३३३ तास, रोज अकरा. एवढं करूनही पत्ते फिरले तर कमाई निम्म्यावर येते. जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के कर वेगळाच. पीएफ, रजा काहीच नाही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पैसे अडकले असतील तर १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर लगेच फोन करा.