हिरवी पाटी, हिरवी चादर

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या एका रुग्णालयाच्या दारात ‘हरित रुग्णालय’ अशी नवी पाटी लागली. तिचा फोटो आमच्या नर्सिंगच्या बॅचच्या ग्रुपवर आला आणि दोन तट पडले. एक तट म्हणे, बरं झालं, कुणीतरी सुरुवात तर केली. छपरावर सोलर, सांडपाण्यावर प्रक्रिया, ५ जूनला, पर्यावरण दिनी, वृक्षारोपण, आणखी काय हवं? दुसरा तट चिडलेला. गरिबांसाठी राखलेल्या खाटा आधी द्या, झाडं मग लावा. तेवढ्यात कुणीतरी माझं नाव घेतलं. ‘ती तिकडे एनएचएसमध्ये आहे ना, तिला विचारा. तिकडे सगळं नेट झिरो असतं.’

मी इंग्लंडमध्ये लीड्सला, एनएचएसच्या म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या ऑपरेशन थिएटरमध्ये स्क्रब नर्स आहे, शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनच्या हाताशी अवजारं देणारी. त्याआधी नवी मुंबईत हेच काम करत होते. इकडे सगळं नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन सोडला तेवढाच शोषून हिशेब शून्यावर, वगैरे काही नाही, हे आधीच सांगून टाकते. पण उत्तर ग्रुपवर मावेना, म्हणून जरा सविस्तर. दोन्ही तट वेगवेगळ्या गोष्टींवर भांडताहेत असं त्यांना वाटतंय. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकाच कपाटात ठेवलेल्या आहेत, थिएटरच्या स्टोअरमधल्या.

आधी इकडचं. इंग्लंडच्या एनएचएसनं ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलं की थेट आपल्या ताब्यातलं कार्बन उत्सर्जन २०४० पर्यंत आणि पुरवठादारांसकट सगळं २०४५ पर्यंत नेट झिरोवर आणू. २०२२ च्या कायद्यानं ती जबाबदारी कायद्यात आली. त्यांनी मांडलेला हिशेब वाचला आणि सोलरचं माझं कौतुक बरंच उतरलं. एकूण उत्सर्जनातला साधारण ६२ टक्के वाटा औषधं, उपकरणं आणि बाकीच्या विकत घेतलेल्या मालाचा आहे. म्हणजे छपरावर काय बसवलंय यापेक्षा मागच्या दारानं टेम्पोतून काय उतरतंय ते जास्त महत्त्वाचं.

काही गोष्टी इकडे खरंच चांगल्या झाल्या. डेसफ्लुरेन हा भुलीचा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,५०० पट तापवणारा. स्कॉटलंडनं तो २०२३ मध्ये बंद केला, पुढच्या वर्षी इंग्लंडनं. आमच्या थिएटरमध्ये त्यावाचून कुणाचं अडलं नाही, सेव्होफ्लुरेननं भागतं. नायट्रस ऑक्साइड या भुलीच्याच दुसऱ्या वायूची गोष्ट आणखी मजेशीर. भिंतीतल्या पाइपांतून रुग्णापर्यंत पोचायच्या आतच त्यातला बराचसा गळून जात होता, आणि कुणी मोजलंच नव्हतं. मोजल्यावर कित्येक रुग्णालयांनी पाइप बंद करून सुटे सिलिंडर आणले. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयानं २०१८ मध्ये नर्सेसना एवढंच शिकवलं की ग्लोव्ह्ज कधी घालायची गरज नसते. पहिल्या वर्षात २१ टन प्लास्टिक वाचलं.

आता याच थिएटरची दुसरी बाजू, कारण ग्रुपवर ती कुणाला दिसत नाही. साध्या हर्नियाच्या केसला मी पॅक फोडते तेव्हा त्यातून निळे कागदी ड्रेप (रुग्णावर पसरायची निर्जंतुक आवरणं), गाऊन, प्लास्टिकच्या वाट्या, प्लास्टिकचा ट्रे असं सगळं निघतं. त्यातल्या एकदोन वाट्या लागतच नाहीत. त्या हातही न लागता पिशवीत जातात, कारण पॅक तसाच येतो. वॉर्डात टाके काढायची स्टीलची कात्री एकदा वापरून शार्प्सच्या, म्हणजे टोकदार-धारदार कचऱ्याच्या, डब्यात टाकतात. चांगली धारदार, चकचकीत कात्री. उलटून पाहिलं तर बहुतेक वेळा सियालकोटची निघते. तिथल्या कुणा कारागिरानं घासूनपुसून पाठवलेली वस्तू दोन मिनिटं वापरून फेकताना आजही माझा हात अडखळतो.

कारण मी शिकले ते वेगळं. नवी मुंबईतल्या आमच्या थिएटरमध्ये दुपारच्या केसेस आटोपल्या की मावशी ताग्यातून गॉज कापायला बसत. आम्ही कडा आत मुडपून घड्या घालत असू, मोजून पुडे बांधत असू आणि ते स्टीलच्या ड्रममध्ये रचत असू. हिरव्या सुती चादरी लाँड्रीतून आल्या की एकेक दिव्यासमोर धरायची. भोक दिसलं की बाजूला, त्यावर ठिगळ, मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र. ठिगळंही फार झाली की त्या चादरीची ट्रे गुंडाळायची फडकी व्हायची आणि फडकी विरली की पुसणी. याला कुणी हरित म्हणत नव्हतं. सिस्टर इन्चार्ज ओरडतील या भीतीनं आम्ही ते करत होतो.

मी तिथून निघायच्या आधीच ड्रेपची, एकदा वापरून फेकायची किटं यायला लागली होती. वरून सांगितलं गेलं, जंतुसंसर्ग टाळायला. बिलिंगच्या मॅडम मात्र चहा पिताना सरळ बोलल्या होत्या: धुतलेली चादर बिलात लावता येत नाही, किट लावता येतं.

गेल्या वर्षी दादाचं हर्नियाचं ऑपरेशन ठाण्यात झालं. वहिनीनं बिलाचे फोटो पाठवले, ‘हे जरा बघ गं.’ ड्रेप किट, गाऊन, अंडरपॅड, कॅप, शू कव्हर. ग्लोव्ह्जच्या जोड्या इतक्या, की त्या घालायला थिएटरमध्ये तेवढे हात नसतात. सगळ्यात खाली रोजच्या हिशेबानं ‘बीएमडब्ल्यू चार्जेस’. वहिनीला वाटलं अॅम्ब्युलन्सचे असतील. ते बायोमेडिकल वेस्टचे, म्हणजे कचरा होणारी वस्तू रुग्णालयानं रुग्णाला विकायची आणि तो उचलायचे पैसेही रुग्णाकडूनच घ्यायचे. विमा कंपनीनं यातलं बरंचसं ‘नॉन-मेडिकल’ म्हणून कापलं, ते दादानं खिशातून भरलं. डिस्चार्जच्या वेळी रुग्णालयातर्फे तुळशीचं रोप भेट मिळालं. कुंडी प्लास्टिकची.

हे एकट्या ठाण्याचं दुखणं नाही. औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणानं, एनपीपीएनं, २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली होती. काही वस्तूंवरचा नफा १,७०० टक्क्यांच्या वर निघाला. इतका नफा ज्या वस्तूवर आहे ती कमी वापरा, असं कुठला व्यवस्थापक सांगेल?

दोन देशांतला मला दिसणारा फरक हा असा आहे. इकडे रुग्णाला बिलच येत नाही, त्यामुळे वाया गेलेली वाटी कुणाच्याच डोळ्यांवर येत नाही आणि नासाडी होते. आपल्याकडे बिल येतं, वाटी त्यात छापलेली असते, आणि ती छापली जाते म्हणूनच नासाडी होते. इकडचा रोग निष्काळजीपणाचा आहे. त्यावर मोजमाप, प्रशिक्षण, परिपत्रकं यांचा थोडाफार उतारा पडतो. आपल्याकडचा रोग धंद्याचा आहे. त्याला परिपत्रक लागू पडत नाही, वृक्षारोपण तर नाहीच नाही.

ग्रुपवर लगेच प्रश्न येईल: मग काय, इन्फेक्शन होऊ द्यायचं? एकदा वापरायच्या वस्तूंनी सुया-सिरिंजच्या बाबतीत लाखो जीव वाचवले, तिथे मागे जायचा प्रश्नच नाही. पण सुई वेगळी, चादर वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की निर्जंतुक केलेले ड्रेप आणि गाऊन पुन्हा वापरायचे कापडी असोत वा एकदाच वापरायचे, दोन्ही चालतात. धुलाईला पाणी आणि वीज लागते, हे कबूल. नवी मुंबईचं स्वतःचं मोरबे धरण आहे. ठाण्याला मात्र दहा ठिकाणी हात पसरावे लागतात, तिथे हा हिशेब नीट मांडायला हवा. जिथे तो मांडला गेला, तिथे एकंदरीत कापडच जिंकलेलं आहे.

आणि रक्त लागलेलं ते किट जातं कुठे? २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या पिशवीत, आणि पिवळी पिशवी भट्टीत. मुंबईची भट्टी गोवंडीत होती. धुरानं हैराण झालेले रहिवासी उच्च न्यायालयात गेले, २०२३ मध्ये न्यायालयानं ती हलवायला मुदत घालून दिली, आणि नवी जागा ठरली रायगडातल्या खालापूर तालुक्यात. एका वस्तीचा धूर कमी व्हायचा तर दुसरीला तो घ्यावा लागतो. ५ जूनला रोप लावणाऱ्या रुग्णालयाच्या अहवालात खालापूर कुठे येतं, ते मला तरी सापडलेलं नाही.

आता दुसऱ्या तटाकडे, म्हणजे खाटांकडे. त्यांचा राग उगाच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण गेले, ते ठाण्यात कोण विसरेल? खासगी धर्मादाय रुग्णालयांनी वाटा उचलला असता तर कळव्यावरचा भार किती हलका झाला असता, हा प्रश्न रास्तच आहे. कायदा आहेच. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ अअ आणि त्याखालची उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेली योजना: १० टक्के खाटा निर्धनांसाठी, १० टक्के दुर्बल घटकांसाठी, आणि रुग्णांच्या बिलांतले २ टक्के बाजूला काढून निर्धन रुग्ण निधी. निर्धनाला उपचार मोफत, दुर्बल घटकाला सवलतीत.

त्या योजनेतली एक बारीक अट मात्र वादात कुणी काढत नाही. या रुग्णांसाठी औषधं, इम्प्लांट आणि कन्झ्युमेबल्स (किटांसारख्या वापरून संपणाऱ्या वस्तू) रुग्णालयानं स्वतःच्या खरेदी किमतीनंच धरायची. म्हणजे खरेदीची किंमत एक आणि बिलातली दुसरी असते, हे न्यायालयाच्या योजनेनं गृहीतच धरलंय. निर्धनाचं किट त्या २ टक्क्यांच्या निधीतूनच जातं. कपाटात चादरीऐवजी किट आलं की त्याच निधीत एखादा रुग्ण कमी बसतो, आणि दुर्बल घटकातला माणूस आपला हिस्सा भरायला मंगळसूत्र मोडतो. झाडं की खाटा, असा वाद घालणाऱ्यांना मी हेच कपाट उघडून दाखवीन.

खारघरमध्ये लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया मोफत करणारं सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे. तिथे बिलाचा काउंटरच नाही. सगळी रुग्णालयं तशी होणार नाहीत, व्हावीत असंही मी म्हणत नाही. डॉक्टरांना, आम्हाला पगार लागतात. आणि बिल नसलं की सगळं सुरळीत, असंही नाही. इंग्लंडमधल्या उपचारांच्या प्रतीक्षायादीवर २०२५ मध्ये ७० लाखांच्या वर नोंदी होत्या. खुब्याच्या सांध्यासाठी काठी टेकत थांबलेली माझी शेजारीण आमच्या रुग्णालयाचा हरित आराखडा वाचून खूश होणार नाही. ठाण्यात दादाला आठवड्याच्या आत तारीख मिळाली, हेही खरं.

पण आपल्याकडे विचारायची सोय आहे आणि कुणी विचारत नाही, याचं नवल वाटतं. २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक रुग्णालयानं कचऱ्याचा वार्षिक अहवाल आपल्या संकेतस्थळावर टाकायचा आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या १,००० कंपन्यांना सेबीनं, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकानं, २०२२-२३ पासून पर्यावरण आणि समाज यांचा ठरावीक नमुन्यातला अहवाल बंधनकारक केलाय. मोठ्या रुग्णालय साखळ्या त्यात येतात. म्हणजे भागधारकाला किती कचरा झाला ते कळतं, तेही इंग्रजीत. दादाला मात्र तुळस. पाटी लावणाऱ्या रुग्णालयानं दारातच, मराठीत, एका शस्त्रक्रियेमागे किती किटं लागली आणि निर्धन निधीतले किती पैसे खर्च झाले हे लिहावं. मग सोलरचा फोटो खुशाल मोठा छापावा.

हे सगळं ग्रुपवर थोडक्यात टाकलं तेव्हा बॅचमधली एक, जी आता नेरुळच्या एका रुग्णालयात मेट्रन आहे, तिनं लिहिलं: ‘चादरी परत आणायला मी आजही तयार आहे. पण लाँड्रीचे दोन मामा आणि शिवणाच्या बाई, तिघांचीही पदं मॅनेजमेंटनं काढून टाकली. ठिगळ कोण लावणार?’ ही बाजू माझ्या ध्यानातच आली नव्हती. किटांनी कचरा वाढवला, बिल वाढवलं, आणि घणसोली-कोपरखैरण्याच्या तीन घरांतला पगारही नेला. इकडे धुऊन वापरायचे गाऊन साधारण पाऊणशे वेळा धुतले जातात आणि प्रत्येकावरच्या चिपमध्ये धुलाईची मोजणी असते. तिला त्याचा खर्चाचा तक्ता हवा आहे, तिन्ही पगार त्यात धरून. पुढच्या महिन्याच्या बैठकीत ती तो मांडणार आहे, आणि मी रविवारी रुपयांत करून पाठवतेय.